प्लास्टिकचा सांधा

फेव्हिकॉलच्या डब्याच्या काठावर वाळलेला गोंद नखानं सोलून काढायचा नाद पुष्कळांना शाळेत असतानाच लागतो. हा गोंद लाकडाला लाकूड असं धरतो की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. स्वतःच्या डब्याला मात्र तो धरत नाही, सबंध निघून हातात येतो. यात गोंदाचा दोष नाही. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकांना जवळजवळ काहीच चिकटत नाही, आणि म्हणूनच गोंद त्यांच्या डब्यात भरतात. आपल्या घरातली बादली, टब, रॉकेलचे जुने कॅन, गच्चीवरची टाकी, बाजारात टोमॅटो नेणारी कॅरेटं ही सगळी बहुधा याच दोन घराण्यांतली. त्यांना तडा गेला की आपण आधी झटपट गोंद लावतो, मग दोन नळ्यांचं मिश्रण कालवून थापतो, शेवटी डांबर फासतो. आठवड्याभरात तडा पुन्हा उघडतो. मग वस्तू भंगारात जाते आणि ‘प्लास्टिक काही दुरुस्त होत नाही’ हा समज आणखी एका घरात पक्का होतो.

हा समज खोटा आहे. प्लास्टिक दुरुस्त होतं, आणि लोखंडाच्या दुरुस्तीपेक्षा ते शिकायला सोपं आहे. माझ्या लहानपणी गल्लीत स्टोव्ह घेऊन बसणारा माणूस यायचा. कल्हईवाला वेगळा, हा निराळा. लोखंडाची चपटी पट्टी तापवायची, बादलीच्या चिरेवरून फिरवायची, वर जुन्या बादलीचा तुकडा वितळवून बसवायचा. सांधा दिसायला ओबडधोबड असे, पण आमच्या न्हाणीघरातली एक हिरवी बादली असल्या सांध्यावर कितीतरी वर्षं टिकली. त्या माणसाकडे गोंदाची बाटली नव्हती. पॉलिथिनला जोडायला पॉलिथिनच लागतं, एवढं त्याला कळलेलं होतं. बादल्या स्वस्त झाल्या आणि तो यायचा बंद झाला.

मी हे काम शिकले ते नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा शेडमध्ये. तिथे एक वयस्क कारागीर पीपीच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या जाड शीटपासून टाक्या बनवतात. नाशिक, भोसरी, चाकण, जिथे जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे प्लेटिंग, म्हणजे धातूवर धातूचा थर चढवणं आलं, आणि प्लेटिंग आलं की आम्लाच्या टाक्या आल्या. लोखंडाची टाकी आम्ल खाऊन टाकतं. पीपीला ते सहसा काही करत नाही. त्यामुळे या टाक्या, आम्लाची वाफ ओढून नेणारे चौकोनी डक्ट, धुराडी, सगळं प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून, जोडून, हातानं उभं केलं जातं. बाहेरच्या जगाला हा व्यवसाय ठाऊकही नसतो. मला दुरुस्ती शिकायची होती. काका म्हणाले, “दुरुस्ती म्हंजे मोडलेल्या वस्तूचं फॅब्रिकेशनच आहे ताई. आधी कोरी शीट जोडायला शिका.” पुढे काही महिने मी शनिवारी तिथे जात राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी गरम हवेच्या वेल्डिंग गनला हात लावू दिला नाही. भंगाराचा एक ढीग पुढ्यात ओतला आणि म्हणाले, “हे आधी वळखा.” या कामात ओळख हेच अर्धं काम आहे, आणि नवी माणसं हाच भाग ओलांडून पुढे धावतात. वस्तू उपडी करून पाहावी. तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो. ही खूण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं सुरू केली. २ म्हणजे जाड, कडक पॉलिथिन, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पीपी, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. गाडीच्या बंपरच्या आतल्या अंगाला दोन टोकदार कंसांत अक्षरं असतात: पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे रबर मिसळलेला पीपी. मोटरसायकलच्या बाजूच्या पॅनेलवर बहुधा एबीएस असतं. अक्षरं झिजली असतील तर एक छिलका काढून पाण्यात टाकायचा. पॉलिथिन आणि पीपी तरंगतात, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. बुडबुडा चिकटून खोटा तरंग दिसू नये म्हणून पाण्यात साबणाचा थेंब.

त्यानंतर ज्योत. ही परीक्षा मोकळ्या हवेत, चिमट्यात धरलेल्या नखाएवढ्या तुकड्यावर करायची. पॉलिथिन थेंब टाकत जळतं आणि विझवलं की देवघरातल्या मेणबत्तीचा वास येतो. हा वास उगीच येत नाही. मेणबत्तीचं मेण आणि पॉलिथिन यांची घडण एकच आहे, कार्बनला कार्बन जोडलेली आणि हायड्रोजननं वेढलेली साखळी. मेणाची साखळी आखूड, पॉलिथिनची हजारो दुव्यांची. १९३३ साली इंग्लंडमध्ये विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना भांड्याच्या तळाशी अनपेक्षितपणे पॉलिथिन सापडलं, तेही पांढऱ्या मेणचट पदार्थाच्या रूपात. एबीएस काळाकुट्ट काजळीचा धूर सोडतं. नायलॉनला केस जळल्याचा वास येतो. पीव्हीसी ज्योतीतून बाहेर काढलं की आपोआप विझतं आणि नाकाला झोंबतं, कारण त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. तो वास एकदा ओळखला की पुन्हा घ्यायचा नाही.

एवढी ओळख कशासाठी? कारण वेल्डिंगमध्ये दोन वेगळी प्लास्टिकं सहसा एकमेकांना धरत नाहीत. पॉलिथिन आणि पीपी दोन्ही पाण्यावर तरंगतात, दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नाही, दोन्हींचा हाताला येणारा स्पर्शही सारखाच. तरी पॉलिथिनच्या टबावर पीपीचा रॉड, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची काडी, ओतला तर वरून सुरेख दिसणारी रेघ थंड झाल्यावर टोकाला धरून अखंड सोलून निघते. वितळलेल्या अवस्थेतही ती दोघं मिसळत नाहीत. म्हणून रॉड त्याच प्लास्टिकचा हवा. तो नसेल तर त्याच वस्तूच्या न दिसणाऱ्या काठाची पट्टी कापून तिचाच रॉड करायचा. बादली सांधणाऱ्या त्या माणसानं जुन्या बादलीचा तुकडा उगीच जवळ ठेवलेला नव्हता.

सांध्याच्या आत काय घडतं ते समजलं तेव्हापासून हे काम मला निव्वळ हातकाम वाटेनासं झालं. थंड प्लास्टिकमध्ये लांबच लांब साखळ्या एकमेकींत अडकून निपचित पडलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या हलू लागतात. दोन वितळलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की अलीकडच्या साखळ्या हद्द ओलांडून पलीकडच्या गुंत्यात शिरतात. हे त्या कशा करतात याचं गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली मांडलं. शेजारणींच्या गर्दीत साखळीला आडवं सरकता येत नाही, ती सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेनंच सरपटत पुढे जाते. द जेन यांना १९९१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सरपटायला वेळ लागतो, ही त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट. उष्णता हवी, दाब हवा आणि थोडा अवधी हवा. तीनही मिळाले तर थंड झाल्यावर मूळ शीट आणि सांधा यांच्यामध्ये हद्द राहत नाही. काकांनी द जेन यांचं नाव ऐकलेलं नाही. पण हात भरभर चालवणाऱ्या पोराला ते “अरे, त्याला जरा धरू दे की” म्हणतात, तेव्हा ते हेच सांगत असतात.

आता प्रत्यक्ष काम. तडा जिथे संपतो त्या टोकावर आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर तुम्ही सांधत असताना तो पुढे पळतो. मग धूळ, तेल, साबणाचा थर पुसायचा आणि वरचा कातडीसारखा थर खरवडून काढायचा. उन्हानं आणि हवेनं हा थर मेलेला असतो, त्यातल्या साखळ्या तुटलेल्या असतात. तो वितळला तरी धरत नाही. चिरेच्या दोन्ही कडा तिरक्या तासून साधारण ६० अंशांची खाच करायची, म्हणजे रॉड तळापर्यंत पोचतो. कडा जुळवून गनच्या नोझलच्या टोकानं अंतराअंतरावर टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारून घ्यायचे. आणि मग रॉड.

गनची हवा पीपी आणि कडक पॉलिथिनसाठी ३०० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. पॉलिथिन १३० अंशांना वितळतं, पीपी १६५च्या जवळ. मग दुपटीनं गरम हवा कशाला, असं मी विचारलं होतं. हवा फार थोडी उष्णता देते आणि नोझल एका जागी थांबत नाही, म्हणून. नोझल रॉड आणि खाच यांच्यावर आलटून पालटून झुलवत राहायचं. दोन्हींवर एकाच वेळी ओलसर चकाकी आली पाहिजे. रॉड एकटाच वितळला आणि खाच कोरडी राहिली, तर वरून सांधा, आतून काहीच नाही. बहुतेक कच्चे सांधे याच कारणानं कच्चे असतात. रॉड शीटवर काटकोनात धरून खाली दाबायचा. मागे ओढला तर तो ताणला जातो, थंड होताना आखडतो आणि आडव्या भेगा पडतात. “ढकला, ताई. ओढू नका,” हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलं की अजूनही गन हातात घेतली की कानात येतं. नीट बसलेल्या रॉडच्या दोन्ही बाजूंना वितळलेल्या प्लास्टिकची एक बारीक, एकसारखी लाट उठते. काका आधी ती लाट पाहतात, सांधा मागाहून. करपून पिवळं पडलं तर उष्णता जास्त, लाटच नाही तर कमी.

हातानं असा रॉड बसवताना मिनिटाला आठ-दहा सेंटिमीटर पुढे सरकलं तरी पुष्कळ. रॉड आपोआप दाबणारं स्पीड नोझल लावलं की वेग तिपटीनं-चौपटीनं वाढतो. सुरुवात मात्र साध्या गोल नोझलनंच करावी. हळू हातातच डोळ्याला चकाकी ओळखायला फुरसत मिळते. सांधा पाण्यात बुडवून थंड करायचा नाही, त्याच्या त्याच्या गतीनं निवू द्यायचा. आणि शिकताना प्रत्येक सांधा आडवा कापून, वाकवून पाहायचा. रॉड खाचेतून उचकटला तर सांधा नापास. सांध्याशेजारची शीट वाकली पण सांधा धरून राहिला तर पुढे जायचं.

नवीन वस्तू बनवताना मात्र आणखी दोन शत्रू उभे राहतात. एक प्रसरण. पीपीची दोन मीटर लांब शीट घ्या आणि पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारच्या ४५ पर्यंत जाऊ द्या, ती सुमारे ९ मिलिमीटर वाढते. तेवढंच लोखंड एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. लोखंडी सांगाड्याला पीपीची टाकी घट्ट बोल्टनं आवळणारा माणूस पहिल्याच उन्हाळ्यात ती फाडून घेतो. दुसरा शत्रू पाण्याचा रेटा. एक मीटर उंच, दोन मीटर लांब भिंतीवर भरलेलं पाणी एक टनाचा जोर लावतं, आणि त्यातला जास्त जोर खाली असतो. म्हणून टाकीला बाहेरून पट्टे बांधतात, तळाचा सांधा आतून-बाहेरून दोन्हीकडून घेतात. एका बाजूनंच सगळा रॉड ओतला तर सांधा निवताना शीट त्या बाजूला वाकते, कोपरा उघडतो. काका एक रॉड आत, एक बाहेर असं करत जातात. घाईचं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी हा क्रम बदलत नाहीत.

पण या कामानं मला खरं बांधून ठेवलं ते शेतावर. चांदवड, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात फिरलं की द्राक्षबागांच्या शेजारी काळी चकाकणारी शेततळी दिसतात. पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी मार्च-एप्रिलपर्यंत पुरवायचं, तर तळ्याला अस्तर हवं. ते असतं पॉलिथिनचं, पुष्कळदा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचं. त्या अर्ध्या मिलिमीटरवर बागेचं वर्ष उभं असतं. लांबलचक पट्टे दोन समांतर ओळींत तापत्या पाचरीच्या मशीननं जोडतात, मध्ये बारीक पोकळी ठेवतात. दोन्ही टोकं बंद करून त्या पोकळीत हवा भरायची. हवा टिकली तर सांधा पक्का, दाबमापकाचा काटा खाली आला तर कुठेतरी गळती. सांध्याची परीक्षा पाणी येण्याआधीच हवेनं होते. या कामात इतकी प्रामाणिक चाचणी मला दुसरी ठाऊक नाही.

पुढे कधी ढोराचा खूर पडतो, उंदीर कुरतडतो, गाळ काढताना फावडं लागतं. माझ्या नात्यातल्या एका बागाईतदाराच्या तळ्यात असं झालं तेव्हा मी गन आणि रबरी रोलर घेऊन गेले. ठिगळ कडा गोल करून कापायचं, टोकदार कोपरा लवकर उचकटतो. जागा कोरडी आणि स्वच्छ, इतकी की बोट फिरवल्यावर काही लागू नये. मग ठिगळ आणि अस्तर यांच्या फटीत नोझल सारायचं आणि मागोमाग रोलर दाबत न्यायचा. हे काम सकाळी करायचं. दुपारी काळं अस्तर उन्हानं फुगून सुरकुततं, त्या सुरकुतीत ठिगळ सपाट बसत नाही. बांधावर उभे असलेले ते बागाईतदार भाऊ मला म्हणाले, “अक्का, एवढंसं ठिगळ, न् त्याच्यासाठी आम्ही अख्खं अस्तर बदलायला निघालो होतो.” त्या तळ्याखाली दोन एकर द्राक्ष आहे.

गावोगावी हे काम करू शकणारा एक तरी माणूस का नसावा? ठिबकच्या नळ्या, स्प्रिंक्लरचे पाइप, फवारणीचे ड्रम, दुधाचे कॅन, कॅरेटं असं पॉलिथिनचं केवढं तरी सामान शेतात येऊन पडलं आहे. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात एकावर एक रचलेल्या कॅरेटांकडे पाहावं. कान तुटलेलं कॅरेट ओझं उचलायला निकामी ठरतं, बाकी सगळं धडधाकट असलं तरी. गाव तिथे मोटार रिवाइंड करणारा सापडतो, पंक्चरवाला सापडतो, लोखंडाचा वेल्डर सापडतो. प्लास्टिकचा वेल्डर तालुक्यालाही सापडत नाही. उष्णतेचं नियंत्रण असलेली गन, तीन-चार नोझल, तासणी, रोलर आणि रॉडची जुडी, भांडवल एवढंच. बचत गटातल्या बायकांनी हे काम हाती घ्यावं असं मला फार वाटतं. वजन उचलायचं नाही, ठिणग्या नाहीत, डोळ्याला आर्कचा त्रास नाही. हवी ती नजर आणि धीर.

धोके मात्र स्पष्ट सांगितले पाहिजेत. पीव्हीसी तापवायचंच असेल तर उघड्यावर, तोंडाला योग्य मास्क लावून, आणि शिकाऊ माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचे पाइप सोल्युशननं जोडतात तेच बरं. ते द्रावण दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं, म्हणजे तेही एक प्रकारचं वेल्डिंगच. एबीएसचं पॅनेल घरात जोडायचं तर त्याचेच छिलके अॅसिटोनमध्ये विरघळवून लेप करता येतो. पेट्रोलच्या टाकीला गन लावायची नाही, रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. हेल्मेट सांधायचं नाही. गॅसची पिवळी-केशरी पाइपलाइन फक्त परवान्याचा माणूस, त्याच्या मशीननं. आणि बेकलाइटची मूठ किंवा मेलामाइनची ताटली तापवून पाहू नये. ती प्लास्टिकं एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत, करपतात.

काही वस्तू सोडूनही द्याव्या लागतात. वर्षानुवर्षं उन्हात राहून पांढुरकी, खडूसारखी झालेली टाकी बोटानं घासली आणि भुकटी हाताला आली, तर तिच्या साखळ्या आतपर्यंत तुटलेल्या आहेत. तिथे सांधा टिकला तरी शेजारी नवा तडा जाईल. अशी टाकी सांधून गिऱ्हाइकाचे पैसे घेणं काका कमीपणाचं समजतात, आणि मलाही ते पटतं.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा पिशव्यांवर खूप बोललं गेलं. ते बोलणं गरजेचं होतं. पण जाड, टिकाऊ, दहा-वीस वर्षं चालण्यासाठी बनवलेली वस्तू एका बोटभर चिरेपायी टाकून देणं हीसुद्धा प्लास्टिकची नासाडीच आहे, आणि तिच्यावर कुठला दंड नाही. ती थांबवायची तर हात लागतात. म्हणून हे वाचणाऱ्याला एक विनंती. भंगारवाल्याला तडा गेलेली बादली द्यायच्या आधी ती उपडी करा आणि त्रिकोणातला आकडा वाचा. २ किंवा ५ असेल तर तिच्याच काठाची एक पट्टी कापा, खाच तासा आणि पहिला सांधा त्या बादलीवरच घाला. निवल्यावर तो वाकवून तोडायचा प्रयत्न करा. तुटला तर शेजारी दुसरा घाला. बादली तशीही भंगारातच चालली होती.